खोडरबर

हेमंत त्रिलोकेकर मला कधीही आवडला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज मऊ झालाच तर कुणी गैरसमज करून घेऊ नये. त्याच्या हाताखाली मी सहा वर्षं काम केलं. त्यातली निदान पाच वर्षं रोज सकाळी लिफ्टमध्ये तो नसावा अशी इच्छा धरून काढली. तरी आज मनगटाकडे नजर गेली की पहिल्यांदा तोच आठवतो. हाही त्याचा एक आगाऊपणाच.

आमचं ऑफिस परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर. आम्ही स्मार्टवॉचचे फेस बनवायचो. मनगट वळवलं की काचेवर जे उमटतं ते. आकडे किती मोठे, किती जाड, त्यांच्यामध्ये जागा किती, काळ्यावर पांढरे की राखाडी, एवढ्यावर आमचा महिना निघायचा. माझ्या आईला हे समजावून सांगायला मला बराच काळ लागला. ‘घड्याळ कंपनी करता, वेळ देव करता, मगे तू काय करतंस गो?’ असा तिचा प्रश्न होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

हेमंत आमचा डिझाइन हेड. पन्नाशी उलटलेला, उंच, गोरा, गिरगावातल्या जुन्या घरंदाज कुटुंबातला. बोलणं स्वच्छ, तोलून मापून. डाव्या हाताची बाही कायम कोपरापर्यंत दुमडलेली, कारण त्या हातावर एकाखाली एक चार घड्याळं बांधलेली असायची आणि चारही घड्याळांवर चार वेगळे फेस. नव्या नवरीने चुडा मिरवावा तसा तो हात पुढे धरून तो मजल्यावर फिरायचा. आम्ही हसायचो, पण तो पाठमोरा झाल्यावर.

त्याचा एक शब्द ठरलेला होता. ‘काढ.’

तो खुर्चीमागे येऊन उभा राहिला की मान न वळवताही कळायचं, कारण आजूबाजूची चुळबूळ थांबायची. स्क्रीनवर पावलं मोजणारा आकडा दिसला, काढ. हृदयाचे ठोके, काढ. ढगाचं चित्र, काढ. ‘तारीख दिवसातून एकदा बदलते, ती दर मिनिटाला कशाला दाखवतेस? काढ.’ तास आणि मिनिटं यांच्यामधले दोन ठिपकेसुद्धा त्याने काढायला लावले होते. तासाचे आकडे जाड आणि मिनिटांचे बारीक केले की मध्ये काही लागत नाही, असं त्याचं म्हणणं. ‘असू दे’ असं त्याने कशालाही म्हटलेलं मला आठवत नाही. ऑफिसात त्याचं नाव खोडरबर पडलं होतं ते उगाच नव्हे.

पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटलं, ‘सर, हे बघाल का?’

‘सर काढ,’ तो म्हणाला. ‘बघाल का, एवढं पुरे.’

मग मी त्याला हेमंत म्हणायला लागले, पण ‘तुम्ही’ काही सुटलं नाही. लालबागच्या चाळीत वाढलेल्या जिभेला पन्नाशीच्या माणसाला अरे-तुरे जमत नाही. इथे लिहिताना मात्र मी बिनधास्त ‘तो’ म्हणतेय, कारण इथे तो ऐकत नाही. तो मला आडनावाने हाक मारायचा. ‘परब’. पुढे काही नाही, मागे काही नाही.

त्याची परीक्षा रुमालाची. घड्याळ समोर धरायचं, त्यावर रुमाल टाकायचा, रुमाल उचलायचा आणि लगेच परत टाकायचा. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मग विचारायचं, ‘काय वाजले?’ ही परीक्षा तो आमची कधी घ्यायचा नाही. चहा आणणाऱ्याची घ्यायचा, लिफ्टवाल्याची, कुरिअर घेऊन आलेल्या माणसाची. त्या माणसाला वेळ सांगता आली तर फेस पास. नाही आली तर तीन-तीन आठवड्यांचं काम कचऱ्यात.

नितीन नावाचा एक मुलगा होता आमच्यात. त्याने फार देखणे, केसासारखे बारीक आकडे काढले होते. हेमंतने सगळ्यांना गोळा केलं आणि फरशी पुसणाऱ्या मावशींना बोलावून त्यांच्यापुढे रुमाल उचलला. मावशी गांगरल्या. म्हणाल्या, ‘दिसलं नाय साहेब. चष्मा घरी राहिला.’

‘बरोबर,’ हेमंत म्हणाला. ‘लोकांचा चष्मा घरीच राहतो.’ आणि नितीनकडे वळून, ‘तुझं काम सुंदर आहे. भिंतीवर लाव.’

नितीन उठून बाथरूमकडे गेला आणि अर्ध्या तासाने लाल डोळ्यांनी परत आला. मावशी बिचाऱ्या आठवडाभर नितीनच्या टेबलाखाली जास्तच रगडून पुसत होत्या, जणू चूक त्यांचीच. हेमंतला यातलं काहीही दिसलं नसावं. आकडे पाहणारे त्याचे डोळे माणसांच्या बाबतीत आंधळे आहेत, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं आणि ते मत मला फार सोयीचं होतं.

आमच्या धंद्यातली एक गंमत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घड्याळाच्या कुठल्याही जाहिरातीत बघा, दहा वाजून आठ मिनिटं झालेली असतात. काट्यांच्या घड्याळात त्या वेळेला दोन्ही काटे छान हात वर केल्यासारखे दिसतात, म्हणून ती पद्धत पडली. आमच्या घड्याळांना काटेच नव्हते, तरी पद्धत राहिली. स्क्रीनवर काम करताना दहा आठ, वरच्या लोकांना दाखवताना दहा आठ, पोस्टरवर दहा आठ. सहा वर्षं माझ्या टेबलावर दहा वाजून आठच मिनिटं झालेली होती. जगातलं सगळं काढायला निघालेल्या त्या माणसाला ही एक सवय काढावीशी वाटली नाही.

एकदा तो आजारी होता आणि तपासायची घड्याळं घरी हवी होती, म्हणून मी गिरगावला त्याच्या घरी गेले. मला वाटलं होतं, पांढऱ्या भिंती आणि एक सतरंजी. प्रत्यक्षात त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. काचेची कपाटं, कपाटांत बाहुल्या आणि चिनी मातीच्या किटल्या, पितळी समया, तीन सोफे, भिंतीवर पाच-सहा बंद घड्याळं. आम्हाला एक ठिपका ठेवू न देणारा माणूस या अडगळीत लुंगी नेसून बसला होता. मी मनातल्या मनात ती सगळी यादी पाठ करत होते, दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगायला.

आतल्या खोलीत त्याची म्हातारी आत्या पलंगावर होती. तिथून आवाज आला, ‘हेमू, काय वाजले रे?’

‘सकाळ आहे, आत्या. चहा झालाय,’ तो म्हणाला.

दोन मिनिटांनी परत तोच प्रश्न आणि परत तेच उत्तर. मी होते तेवढ्या वेळात पाच वेळा तरी. प्रत्येक वेळी त्याचा आवाज पहिल्या वेळेसारखा. समोर चार घड्याळं पडलेली असून त्याने एकाकडेही पाहिलं नाही. मला मात्र संताप आला. नितीनला एक चूक माफ नाही, आणि इथे गोडीगुलाबीने पाच पाच वेळा तेच! त्या भेटीतून मी एवढंच घेऊन आले.

त्यानंतर काही महिन्यांनी आमचा मोठा फेस आला. ‘सगळ्यात साधा’ असंच त्याला ऑफिसात म्हणायचे. काळी काच आणि चार आकडे, बस. मी त्यात एक बारीक ठिपका घातला होता. मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत तो आकड्यांच्या वर राहायचा आणि दुपारी बारानंतर खाली उतरायचा. म्हणजे नुसत्या नजरेने कळावं, सकाळचे सहा की संध्याकाळचे. मला त्या ठिपक्याचा फार अभिमान होता.

हेमंत मागे येऊन उभा राहिला. ‘हे काय?’

मी समजावून सांगितलं.

‘काढ.’

‘पण हेमंत, सकाळ की संध्याकाळ हे कसं कळणार?’

‘ते खिडकी सांगते. घड्याळाचं काम नाही ते.’

‘चाळीतल्या आमच्या खोलीला खिडकी नाही,’ मी म्हटलं.

‘मग दार उघड.’

सगळे हसले. मीही हसले, आणि त्याबद्दल मला आजही माझाच राग येतो. आमच्या खोलीचं दार उघडून काही उपयोग नव्हता. समोर टॉवरचं काम सुरू झाल्यापासून आमच्या गॅलरीला पत्रे आणि हिरवी जाळी लागली होती. दिवसभर ट्यूबलाइट. सकाळी जो उजेड, तोच दुपारी, तोच संध्याकाळी. समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे कुठून कळणार? मी ठिपका काढला. दहा वाजून आठ मिनिटांनी तो फेस फार छान दिसत होता. दहाला कोणाला शंका पडते, सकाळ की रात्र? सहा वीसला तो कसा दिसतो हे आमच्यापैकी एकानेही पाहिलं नाही.

घड्याळ बाजारात आलं तेव्हा पहिलं मी आईच्या हातात बांधलं. आई शाळेत शिपाई होती. बत्तीस वर्षं तिने घंटा दिली. पहिली घंटा, प्रार्थनेची, मधल्या सुट्टीची, सुटण्याची. मास्तरांची घड्याळं मागेपुढे असायची, आईची घंटा नाही. चाळीत लोक तिला वेळ विचारायचे आणि ती भिंतीकडे न बघता सांगायची. आता सगळ्या मजल्यावर ती हात दाखवत, लेकीचं कौतुक सांगत फिरली. ‘ह्यां घड्याळ माझ्या चेडवान केल्यान.’

महिनाभरात पहिला प्रकार झाला. दुपारी झोपून ती उठली, घड्याळात सहा वीस. तिने अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि पिशवी घेऊन दुधाच्या केंद्रावर गेली. तिथला माणूस म्हणाला, सकाळचं दूध कधीच संपलं. आई त्याच्याशी भांडली. चार लोकांनी तिला हसत हसत सांगितलं की काकी, संध्याकाळ आहे. ती घरी येऊन कॉटवर बसून राहिली. पंधरा दिवसांनी दादा तिला भेटायला आला तेव्हा संध्याकाळी सातला तिने त्याच्यापुढे सकाळची पेज ठेवली.

दादा वडाळ्याला राहतो, माझा मोठा भाऊ. त्याने तिथल्या तिथे निकाल दिला. ‘आईचं डोकं चालत नाही. एकटी असताना गॅस चालू राहिला तर? तिला गावी काकांकडे पाठवू.’ जाताना गॅसच्या शेगडीचं बटण काढून खिशात घालून घेऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून आईने दुपारचं झोपणं सोडलं. खुर्चीत ताठ बसून राहायची, डोळा लागू नये म्हणून.

आणि मला एकदम उलगडा झाला. आईला काही झालेलं नव्हतं. बिनखिडकीच्या खोलीत, ठिपका नसलेलं घड्याळ बघून कुणीही चुकलं असतं. दोष घड्याळाचा होता, म्हणजे हेमंतचा. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. दादाला फोन करून सांगितलं, ‘आईला गावीबिवी काही पाठवायचं नाही. मी सिद्ध करून दाखवते.’ मग गुपचूप ठिपक्याचा फेस आईच्या घड्याळात घातला आणि दहा दिवस रोज तिला शिकवला. ठिपका वर, सकाळ. ठिपका खाली, सांज.

ऑफिसात मी हेमंतच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळ्यांच्या देखत सगळं सांगितलं. दूध, पेज, शेगडीचं बटण. माझा आवाज चढला होता. तो ऐकत राहिला.

‘आईंना दुसरं घड्याळ घे,’ तो म्हणाला.

मला वाटलं, याच्या चारी घड्याळांसकट याला अकराव्या मजल्यावरून खाली ढकलावं. संध्याकाळी निघताना तो माझ्या टेबलाशी थांबला. ‘शनिवारी येतो. बघू.’

शनिवारी तो खरंच आला. आमचा अर्धा दिवस असायचा, पण मी कामात अडकून सहाला घरी पोहोचले, तर हा जिन्यात उभा. खोलीत आल्यावर मोडक्या खुर्चीवर असा बसला की रोजचाच पाहुणा. आईने पाणी आणि मालवणचं खाजं पुढे केलं. दोन तुकडे त्याने खाल्ले.

‘आई, पहिली घंटा कितीला असायची?’ त्याने विचारलं.

‘सात वीसाक,’ आई म्हणाली. ‘पोरां धावत येयत. मी हात वर केलंय की मास्तरसुद्धा धावत.’

मधली सुट्टी, शनिवारची वेळ, परीक्षेचे दिवस, त्याने सगळं विचारलं आणि आईने सगळं बिनचूक सांगितलं. मी भिंतीला टेकून बघत होते आणि आतून मला गुदगुल्या होत होत्या. मग त्याने रुमाल काढला. आईच्या घड्याळावर टाकला, उचलला, परत टाकला.

‘काय वाजले?’

‘सहा पंचवीस,’ आई म्हणाली. मिनिटही चुकलं नाही.

मग त्याने रुमाल बाजूला ठेवला आणि घड्याळ उघडं तिच्यासमोर धरलं. ठिपका खाली, अगदी स्पष्ट. ‘सकाळ की संध्याकाळ?’

आईने घड्याळाकडे पाहिलं. ट्यूबलाइटकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ‘सांज,’ ती म्हणाली. ‘चेडू इला मा कामावरसून.’

‘बघितलंत? बरोबर सांगितलं!’ मी म्हटलं. त्याने रुमालाची नीट घडी घातली, आईला नमस्कार केला आणि मला जिन्यापर्यंत यायला सांगितलं.

‘त्यांनी ठिपका बघितला नाही, परब,’ तो म्हणाला. ‘तुझ्या खांद्यावरची पर्स बघितली. ठिपक्याने होणार नाही. आईंना डॉक्टरकडे ने. लवकर ने.’

त्याच्या आवाजात काही नव्हतं. ऑफिसात ‘काढ’ म्हणायचा, तोच आवाज. वरच्या मजल्यावरून शेजारीण बादली घेऊन उतरत होती, ती थबकली.

‘तुमची चूक कबूल करावी लागेल म्हणून माझ्या आईला वेडी ठरवताय?’ मी म्हटलं. ‘माणसं कळतात का तुम्हाला? लाज नाही वाटत?’

तो एक पायरी उतरला. ‘ठिपका सोमवारी लागेल,’ एवढं म्हणाला आणि गेला.

सोमवारी ठिपका खरंच लागला. ज्यांनी ज्यांनी ते घड्याळ घेतलं होतं, त्या सगळ्यांच्या काचेवर. मी दादाला फोन करून म्हटलं, बघ, कंपनीने चूक मानली. दादा ओशाळला, शेगडीचं बटण आणून दिलं आणि गावाचा विषय मिटला. मी जिंकले. त्या जिंकण्याच्या कैफात आठ महिने गेले. आई अधूनमधून चुकायची, तेव्हा मी तिचं मनगट धरून तिला ठिपका दाखवायची. ‘आये, बघ ना नीट. वर आहे की खाली?’ ती घाबरून बघायची आणि काहीतरी एक सांगायची. निम्म्या वेळा ते बरोबर निघायचं.

मग एका संध्याकाळी ती घरात नव्हती. शोधत शोधत दादा तिच्या जुन्या शाळेपर्यंत गेला, तेव्हा ती बंद फाटकापाशी उभी होती. आत सोडत नाहीत म्हणून रडत होती, कारण सात वीस व्हायला आले होते आणि घंटा द्यायची होती. हातातल्या घड्याळात ठिपका खाली होता.

परळच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं आणि विचारलं, ‘पहिल्यांदा कधी लक्षात आलं?’ मी म्हटलं, महिनाभरापूर्वी. दादा माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टर म्हणाले की हा आजार बरा होत नाही, पण लवकर आणलं असतं तर थोडे चांगले दिवस जास्त मिळाले असते. ते आठ महिने मी घालवले, हे मला कळत होतं. स्वतःवर रागावून माणूस किती दिवस काढणार? मी हेमंतवर रागावले. त्याने तसं जिन्यात उभं राहून, शेजारणीच्या देखत, खाडकन सांगितलं नसतं, जरा बसवून, माणसासारखं सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं. असं मी तेव्हा म्हणायची. आजही म्हणते.

त्यानंतर महिन्याभरात कंपनीची मालकी बदलली आणि नव्या लोकांना हेमंत महाग वाटला. त्याला काढलं. त्या शब्दावरून मजल्यावर व्हायचे तेवढे विनोद झाले, त्यातला एक माझा होता. शेवटच्या दिवशी तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. स्क्रीनकडे नेहमीसारखं बघितलं, पण काढायला काही सांगितलं नाही.

‘आईंना नेलंस?’ त्याने विचारलं.

‘आई बरी आहे,’ मी म्हटलं. ‘काही झालेलं नव्हतं तिला.’

तो ‘बरं’ म्हणाला. माझ्या बॅगेत तेव्हा आईच्या गोळ्यांची चिठ्ठी होती.

त्याला शेवटचं पाहिलं ते दीड-एक वर्षाने, दादरला. आईला गाऊन घ्यायला नेलं होतं. परत निघेपर्यंत उजेड कमी झाला आणि बसस्टॉपवर आई अस्वस्थ व्हायला लागली. दिवे लागायच्या वेळेला तिचं असं होतं. ‘काय वाजला गो? काय वाजला?’ मी सांगत होते, सहा वीस. सहा एकवीस. ठिपका बघ, आये, ठिपका खाली आहे. माझा आवाज चढत होता आणि रांगेतले लोक बघायला लागले होते.

रांगेत पुढे तो उभा होता. हातात भाजीची पिशवी, त्यातून मेथीची जुडी डोकावत होती. डावी बाही मनगटापर्यंत उतरवून बटण लावलेलं. मी पटकन तोंड फिरवलं. तेवढ्यात आई माझा हात सोडवून पुढे गेली आणि तिने नेमकी त्याचीच बाही धरली. ओळखलं वगैरे काही नाही, ती सगळ्यांनाच विचारते.

‘काय वाजला हो?’

त्याने तिच्याकडे बघितलं. मग मागे माझ्याकडे. मी सांगितलेलं खोटं तिथे रस्त्यावर, सगळ्यांसमोर उघडं पडलेलं होतं. त्याने बाही वर केली नाही.

‘संध्याकाळ आहे, आई,’ तो म्हणाला. ‘बाजार झालाय. आता घरी जायचं.’

आई गप्प झाली. तिचे खांदे खाली आले. थोड्या वेळाने तिने परत विचारलं आणि त्याने परत तेच, त्याच आवाजात सांगितलं. तिसऱ्यांदाही. गिरगावातला तो आवाज मी लगेच ओळखला. ज्या माणसाने माझ्या घड्याळावर संध्याकाळ लिहू दिली नव्हती, तो माझ्या आईला ती फुकट वाटत होता. आणि मी, तिची मुलगी, दोन वर्षं तिच्या तोंडावर आकडे मारत होते. मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

आमची बस आली. मला त्याला सांगायचं होतं की तुमचं बरोबर होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

‘तो ठिपका अजून आहे,’ मी म्हटलं.

‘असू दे,’ तो म्हणाला.

बसमध्ये आईला खिडकीजवळ बसवलं. ती बाहेर मागे वळून बघत होती.

‘बरो माणूस,’ ती म्हणाली. ‘कोण गो तो?’

‘कोणी नाही.’

बस सुटली. आईने माझा हात धरला. ‘काय वाजला गो?’

मी सवयीने मनगट वळवलं. काच उजळली, आकडे आले, खाली ठिपका आला. मी हात परत मांडीवर ठेवला.

‘सांज झाली, आये,’ मी म्हटलं. ‘बाजार झालो. आता घराक.’